विनोबा आणि चंबळचे बागी

करडीच्या मंडळींना धुऱ्याचे भांडण काय ते सांगावयास नको. धानाच्या बांधीत पाणी आधी कोणाचे, यावरून काठी घेऊन उभा ठाकलेला माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. अशा वेळी गावातला एखादा म्हातारा पुढे होतो. तो "शांत हो" असे म्हणत नाही. त्या दोन शब्दांनी शांत झालेला मनुष्य अद्याप आमच्या तरी पाहण्यात नाही. तो त्याला नावाने हाक मारतो आणि त्याचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकतो. आज सांगावयाची गोष्ट याच विद्येची आहे. फक्त समोर काठीऐवजी बंदूक होती.

वर्ध्याजवळच्या पवनारचे विनोबा 1960 च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात गेले. निमंत्रण आले होते ते तुरुंगातून. 1955 साली मारल्या गेलेल्या मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या कारागृहात होता. त्याने विनोबांना भेटीसाठी लिहिले. विनोबा तेव्हा काश्मिरात पदयात्रेत होते. त्यांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना त्याच्याकडे पाठविले. पुढे हेच यदुनाथसिंग दऱ्याखोऱ्यांत जाऊन टोळ्यांपर्यंत निरोप पोचविते झाले. रणांगणावरचा सेनापती निरोप्या होतो, हे दृश्य काही रोजचे नव्हे.

आता विनोबा बोलले कसे, ते पाहावयाचे. त्या मुलखातली ही माणसे स्वतःस डाकू म्हणवीत नसत, बागी म्हणवीत. कोणी जमिनीच्या वादातून, कोणी वैरातून, कोणी ठाण्यावरच्या मारहाणीनंतर बंदूक उचलली होती. विनोबांनी तो शब्द त्यांच्या तोंडून घेतला आणि त्या मुलखाला सज्जनांचा मुलूख म्हटले. ही खुशामत होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. संतापलेल्या मनुष्याला अपमानाचा आणखी एक शब्द नको असतो. तो आला की पुढचे सारे बोलणे त्याच्या कानाबाहेर जाते. परंतु मानाने बोलावयाचे म्हणजे खोटे बोलावयाचे नव्हे. विनोबांनी माफीचे आमिष दाखविले नाही. खटला चालेल, शिक्षा होईल ती भोगावी लागेल, हे त्यांनी सांगितले. मात्र कोणाचा छळ होऊ नये, याची काळजी वाहिली. गोड बोलून कोपऱ्यात गाठणारा पुष्कळांनी पाहिला असेल. आधीच शिक्षा सांगून ये म्हणणारा विरळा. वीस जणांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेविली. त्यांत लुक्का म्हणून गाजलेला लोकमन दीक्षितही होता.

याची दुसरी बाजू सांगणारा मनुष्यही आपल्याच भागातला, हा योग मोठा चमत्कारिक. कामठीस 1916 साली जन्मलेले खुस्रो रुस्तमजी हे तेव्हा मध्य प्रदेशाचे पोलीस प्रमुख होते. 1956 पर्यंत आपला भंडारा जिल्हाही त्याच राज्यात होता. त्यांच्या शिपायांनी आदल्याच वर्षी गब्बरसिंगाला चकमकीत मारले होते. रुस्तमजींनी विनोबांच्या या मोहिमेवर उघड टीका केली: खुनी मनुष्याला हार घातले, तर प्राण पणाला लावणाऱ्या शिपायाच्या मनाचे काय व्हावे? ही टीका झटकून टाकण्याजोगी नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष लुटारूंनी मारला, त्या घराचेही गाऱ्हाणे ऐकावयाचे होतेच. शिवाय बंदुकीचा धाक पाठीशी नसता, तर वीस तरी आले असते काय, हाही प्रश्न उरतो. आमचे मत असे की धाकाने ते घेरले गेले. पण घेरलेला मनुष्य लढून मरावयाचे की खाली उतरावयाचे हे ठरवितो तेव्हा, त्याला उतरावयास पायरी दिसावी लागते. ती पायरी शब्दांनी बांधली गेली.

त्या वर्षी काम तेवढ्यावरच थांबले; खोऱ्यात पुढेही गोळ्या झडत राहिल्या. तहसीलदारसिंगाची फाशी मात्र पुढे जन्मठेपेवर आली. 1971 मध्ये माधोसिंग नाव बदलून जयप्रकाश नारायणांच्या घरी जाऊन बसला, आणि 14 एप्रिल 1972 रोजी जौरा येथे शस्त्रे ठेवण्याचा मोठा समारंभ झाला. त्याआधी दऱ्यांत उतरून टोळ्यांशी बोलणी करणाऱ्यांत दोन जुनी माणसे होती: तहसीलदारसिंग आणि लोकमन दीक्षित.