एका घटनेची दोन नावे : परभणी जिल्ह्यातील स्मृती व भाषा

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. परभणी हा त्या काळी याच संस्थानातील एक जिल्हा. या घटनेस शासकीय व सार्वजनिक व्यवहारात ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ हे नाव रूढ झाले. वृद्धांच्या बोलण्यात मात्र ‘पोलीस ॲक्शन’ हाच शब्द टिकून राहिला. जन्माचा व लग्नाचा काळही ‘रझाकारांच्या वेळी’ असा सांगितला जाई.

या कालगणनेस मेंदूच्या व्यापारातही आधार सापडतो. हिप्पोकॅम्पस अनुभवाचे विखुरलेले घटक एकत्र गुंफतो. भयाच्या प्रसंगी अमिग्डला ती गुंफण दृढ करतो. परंतु दृढ स्मृती अचूक असतेच असे नाही. स्मरण ही पुनर्रचना होय, हे बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखविले; त्या पुनर्रचनेची चौकट समाज पुरवितो, असे हाल्ब्वाक्स यांनी १९२५ मध्येच प्रतिपादिले होते.

येथे नावाचे महत्त्व ध्यानी येते. ‘मुक्तिसंग्राम’ म्हटले की सत्याग्रह आठवतो. ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले की कोणास सुटका आठवते, तर कित्येक मुसलमान कुटुंबांस त्यानंतरची हिंसा. त्या हिंसेची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. ज्या आठवणीस सार्वजनिक शब्द लाभत नाही, ती उंबरठ्याआड राहते आणि सांगणाऱ्याबरोबरच संपते. म्हणून मौखिक साधने नोंदविणाऱ्या अभ्यासकाने आपला शब्द पुढे न करता निवेदकाचा शब्द आधी टिपून घ्यावा.