हिमनदी कुठून चांगली दिसते? अलास्काच्या एका जलमार्गाचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी आम्हाला आधीच विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं क्रूझच्या सहलीवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तासाभरात आपोआप मिळेल अशी आशा करून सुरुवात करतो.

आमची लेक सिअ‍ॅटलला असते. तिच्याकडे गेलो असताना तिनं अलास्काच्या सहलींची तीन माहितीपत्रकं आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "तुम्हीच ठरवा." तिन्हींवर तीच निळसर बर्फाची भिंत, तिच्यापुढे तेच पांढरं जहाज. मार्ग मात्र वेगळे. मग आम्ही दोघं नकाशा पसरून बसलो. सर्वांत चांगली हिमनदी कोणत्या मार्गावर दिसते? आमची जुनी खोड अशी, की प्रश्न पडला की तो आपल्याआधी कुणाकुणाला पडला होता ते बघायचं. बघायला गेलो तर या प्रश्नाचं वय निघालं १४० वर्षांच्या वर. आणि गंमत म्हणजे या काळात त्याचं उत्तर अनेकदा बदललं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्यापैकी काहींनी गोमुख पाहिलं असेल. तिथे गंगोत्री हिमनदी जमिनीवर संपते आणि तिच्या पोटातून भागीरथी बाहेर येते. अलास्काच्या किनाऱ्यावर काही हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. त्यांच्या टोकाचे कडे सुटून पाण्यात कोसळतात, त्यांचे हिमनग होतात. जहाजावरून बघायची ती ही हिमनदी. पण समुद्रात उतरणारं टोक स्थिर नसतं. ते मागे सरकतं, क्वचित पुढेही येतं. तेव्हा ताजमहाल कुठून चांगला दिसतो आणि हिमनदी कुठून चांगली दिसते, हे एका जातीचे प्रश्न नाहीत. ताजमहाल जागचा हलत नाही.

आता १७९४ साली जाऊ. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूवर या किनाऱ्याचं सर्वेक्षण करत होता. त्याचा सहकारी जोसेफ व्हिडबी होड्या घेऊन आइसी स्ट्रेट नावाच्या सामुद्रधुनीत आला. आज जिथे ग्लेशियर बे ही प्रचंड खाडी आहे, तिथे त्याला दिसली बर्फाची भिंत. किनाऱ्याला जेमतेम पाच मैलांची एक खोबण होती, पुढे सगळा बर्फ. हा बर्फ काही ठिकाणी ४,००० फुटांहून जाड होता आणि रुंदीला २० मैलांपर्यंत होता. व्हँकूवरच्या नकाशात खाडी नाही, आणि नकाशा चुकीचा नव्हता. खाडी तेव्हा नव्हतीच.

पंच्याऐंशी वर्षांनी, म्हणजे १८७९च्या ऑक्टोबरात, जॉन म्युर तिथे पोहोचला. अमेरिकेत अरण्यरक्षणाचा विचार रुजवणारा हा निसर्गअभ्यासक. सोबत हॉल यंग नावाचा मिशनरी आणि होडी वल्हवणारे त्लिंगिट लोक. हातात व्हँकूवरचा नकाशा. त्या नकाशानुसार जिथे बर्फ असायला हवा, तिथे पाणी होतं! बर्फ ३० मैलांहून अधिक मागे गेला होता. नकाशा निरुपयोगी ठरला, तेव्हा वाट दाखवायला सीलची शिकार करणारा एक हूना माणूस होडीत घेतला गेला. म्युरनं खाडी शोधली असं आपण वाचतो. ज्यानं त्याला वाट दाखवली, त्याच्या दृष्टीनं शोधण्यासारखं तिथे काय होतं? तो तर आपल्या घरच्या पाण्यात होता.

म्युरच्या वर्णनांनी लोकांची उत्सुकता चाळवली. १८८३ साली कॅप्टन जेम्स कॅरोल 'आयडाहो' नावाचं वाफेचं जहाज घेऊन या खाडीत शिरला. जहाजावर एलायझा सिडमोर ही पत्रकार होती. तिचं अलास्कावरचं पुस्तक १८८५ साली निघालं, आणि 'म्युर हिमनदी' हे नाव घराघरांत गेलं. पुढची काही वर्षं वर उपस्थित केलेल्या प्रश्नाला एकच उत्तर होतं: म्युर हिमनदी. प्रवासी किनाऱ्यावर उतरून बर्फावर चालत असत. त्यांच्यासाठी दगडगोट्यांवरून लाकडी फळ्यांची वाटसुद्धा घातली होती.

१८९९च्या सप्टेंबरात याकुटाटच्या परिसरात मोठे भूकंप झाले. म्युर हिमनदीचं टोक खिळखिळं झालं, खाडी हिमनगांनी इतकी भरली की जहाजांना आत जाता येईना. उत्तर बदललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजं जुनो शहराजवळच्या टाकू हिमनदीकडे वळली. आणि म्युर हिमनदी? ती मागे सरकत सरकत विसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्र सोडून जमिनीवर गेली. एके काळी जगप्रसिद्ध असलेलं ते ठिकाण आज क्रूझच्या माहितीपत्रकात सापडत नाही.

मग आज उत्तर काय? ढोबळमानानं मार्ग दोन. पहिला जाऊन-येऊन मार्ग, सिअ‍ॅटल किंवा व्हँकूवरहून निघून सात दिवसांत तिथेच परत. यात साधारण एक दिवस हिमनदीचा असतो. तो कधी ग्लेशियर बेमध्ये, कधी ट्रेसी आर्म किंवा एंडिकॉट आर्म या अरुंद खाड्यांत, कधी हबर्ड हिमनदीपुढे. दुसरा एकमार्गी, व्हँकूवरहून निघून अलास्काचं आखात ओलांडून सुअर्ड किंवा व्हिटियरला संपणारा. यात बरेचदा दोन दिवस हिमनद्यांचे मिळतात. व्हँकूवर का, तर १८८६चा एक अमेरिकी कायदा. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात नुसतं सोडता येत नाही. म्हणून एकमार्गी सहल कॅनडातून निघते, आणि सिअ‍ॅटलची जहाजं वाटेत कॅनडाचं एखादं बंदर घेतात. आपण निसर्ग बघायला निघतो, आणि वाट ठरवतो सव्वाशे वर्षांहून जुना कायदा.

हबर्डची गोष्ट उलटी आहे. बहुतेक हिमनद्या मागे जात असताना ही शंभराहून अधिक वर्षं पुढे येते आहे. १९८६ आणि २००२ साली तिनं रसेल फियॉर्डचं तोंडच बंद केलं होतं. हे सांगितलं की कुणीतरी म्हणतं, "म्हणजे तापमानवाढ वगैरे खोटं!" तसं नाही. समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्यांचं स्वतःचं एक चक्र असतं. उंच डोंगरांत पडणारं बर्फ किती आणि टोकाशी साचलेल्या गाळाचा बांध केवढा, यावर त्यांची चाल ठरते. एका हिमनदीवरून सगळ्यांचा निवाडा करू नये. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात हेच शिकवतात.

ट्रेसी आर्मचंही बघा. १० ऑगस्ट २०२५ला तिथल्या साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा मोठा भाग पाण्यात कोसळला आणि अरुंद खाडीत त्सुनामी उसळली. मागे हटणाऱ्या बर्फाचा आधार गेला की कडे असे सुटू शकतात. काल ज्या मार्गाची शिफारस आपण करत होतो, तो आज करू का? उत्तर पुन्हा बदललं.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. कांटचं 'क्रिटीक ऑफ जजमेंट' आलं १७९० साली, व्हिडबी त्या भिंतीपाशी पोहोचण्याच्या चार वर्षं आधी. उदात्ततेविषयी कांट काय म्हणतो? लटकते कडे, ज्वालामुखी, खवळलेला समुद्र यांच्यापुढे आपण क्षुद्र वाटतो, आणि तरी ते दृश्य आपल्याला ओढून घेतं. पण अट एकच: आपण स्वतः सुरक्षित जागी असलं पाहिजे. आमच्या मते क्रूझचा धंदा या अटीवरच उभा आहे. डेकचा कठडा ही कांटची सुरक्षित जागा.

ज्यांना कठडा नव्हता, त्यांचं काय? हूना त्लिंगिट लोकांची परंपरागत कथा सांगते, की जिथे आज खाडी आहे तिथे त्यांची वस्ती होती. एका मुलीनं हिमनदीला हाक मारली आणि हिमनदी चालून आली. होड्या भरून सगळ्यांना निघावं लागलं, एक जण मागे राहिली. ती मुलगी की तिच्याऐवजी एक वृद्ध स्त्री, याबद्दल वेगवेगळी कथनं आहेत. भूशास्त्रही सांगतं, की अठराव्या शतकाच्या मध्याला बर्फानं तो सगळा भाग व्यापला होता. ज्यांनी स्थलांतर केलं त्यांनी सामुद्रधुनीपलीकडे हूना गाव वसवलं, आणि बर्फ हटला तेव्हा शिकारीला, अंडी गोळा करायला ते परत येऊ लागले.

१९२५ साली खाडी राष्ट्रीय स्मारक झाली, १९८०त राष्ट्रीय उद्यान. संरक्षणासाठी नियम आले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हूना लोकांना तिथे सीलची शिकार आणि कुरव पक्ष्यांची अंडी गोळा करणं बंद झालं. हजारो प्रवाशांची जहाजं मात्र येत राहिली. अंड्यांचा परंपरागत हक्क देणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडलं. २०१६ला खाडीच्या तोंडाशी बार्टलेट कोव्हमध्ये त्यांचं परंपरागत पद्धतीचं सभागृह उभं राहिलं. आता न्याय कुणाचा, बघणाऱ्याचा की राहणाऱ्याचा? नियमांची गरज आम्ही नाकारत नाही. आजही तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी आहे आणि सीलच्या पिलांसाठी जॉन्स हॉपकिन्स इनलेट ऑगस्टअखेरपर्यंत मोठ्या जहाजांना बंद असतो. हे चांगलंच आहे. पण संरक्षण कुणासाठी आणि कुणाला बाहेर ठेवून, हे विचारायला हवं.

शेवटी आम्ही ग्लेशियर बेची सहल घेतली. कुणी सल्ला विचारला तर आम्ही सांगतो: माहितीपत्रकावरचं चित्र बघू नका. हिमनदीचं नाव विचारा, तिच्यापुढे जहाज किती तास थांबतं ते विचारा. 'हिमनदी दर्शन' एवढंच छापलेलं असेल तर पैसे भरू नका. बाल्कनी डावीकडची की उजवीकडची यावर फार डोकं शिणवू नका, जहाज तिथे सावकाश वळतं, दोन्ही बाजूंना दिसतं.

मार्जरी हिमनदीपुढे आम्ही थांबलो होतो. एक मैल रुंद, पाण्यावर सुमारे २५० फूट उंच. कडा कोसळला की लोक टाळ्या वाजवत होते. आम्हीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? मग जहाजावर आलेली उद्यानाची रेंजर म्हणाली, आता जरा मागे बघा. मागे खाडीचं पाणी होतं, तोंडापर्यंत सुमारे ६५ मैल. सकाळपासून आम्ही ज्यावरून आलो ते जवळजवळ सगळं १७९४ साली बर्फ होतं. त्लिंगिट लोकांनी या खाडीला दिलेल्या नावाचा अर्थच आहे, हिमनदीच्या जागी झालेली खाडी.

सर्वांत चांगली हिमनदी कुठून दिसते, याचं आमचं उत्तर एवढंच. जिथे समोरची भिंत दिसते, आणि ती कुठून कुठवर सरकली हेही कळतं, तिथून. म्हणून त्या मार्गानं गेलात तर थोडा वेळ जहाजाच्या मागच्या डेकवरही उभे राहा. तिथे गर्दी नसते.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.