आकाशाला घातलेलं कुंपण

ओळीने मांडलेली टेबलं, प्रत्येकावर एक बुटकी दुर्बीण, आणि आकाश बघायला जमलेली माणसं चक्क मान खाली घालून बसलेली! १९५७च्या सुमारास अमेरिकेत ठिकठिकाणी हे दृश्य दिसे. दुर्बिणीतल्या तिरक्या आरशामुळे आकाशच खाली उतरायचं, मान अवघडत नसे. भिंग जेमतेम ५ सेंटिमीटरचं, पण एका वेळी १२ अंशांचा पट्टा दिसे. म्हणजे ओळीने मांडलेले चोवीस पूर्णचंद्र.

कल्पना स्मिथसोनियन वेधशाळेच्या फ्रेड व्हिपल यांची. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात उपग्रह सुटणार होते. त्यांच्यासाठी मोठे बेकर-नन कॅमेरे योजले होते. त्यांतला एक पुढे नैनितालला बसला. पण कॅमेऱ्याचं तोंड वळवायचं कुठे? ते सांगायला व्हिपल यांनी १९५६मध्ये हौशी मंडळींची फौज उभी केली. तिचं नाव मूनवॉच.

युक्ती साधी होती. मधोमध एक उंच खांब, त्यावर आडवी दांडी. दक्षिणोत्तर रेषेवर प्रत्येकाच्या वाट्याला आकाशाचा एकेक तुकडा, शेजारच्याच्या तुकड्यावर थोडासा चढलेला; जणू आकाशाला घातलेलं कुंपणच. उपग्रहाचा ठिपका रेषा ओलांडताच आरोळी ठोकायची. रेडिओच्या वेळदर्शक टिकटिकीसोबत ती टेपवर उमटे.

४ ऑक्टोबर १९५७ला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि या कुंपणाला एकदम काम मिळालं. गंमत अशी, की लोकांनी ‘स्पुटनिक’ म्हणून पाहिला तो बहुधा त्याच्यामागून फिरणारा रॉकेटचा सांगाडा. खुद्द ५८ सेंटिमीटरचा गोळा नुसत्या डोळ्यांना फारच अंधुक होता.

सप्टेंबर १९६२मध्ये पहाटे जागणाऱ्या मिलवॉकीच्या मूनवॉच गटाने स्पुटनिक ४ला जळत कोसळताना पाहिलं. त्याचा सुमारे ९ किलोचा तुकडा विस्कॉन्सिनमधल्याच मॅनिटोवॉक गावच्या रस्त्यात सापडला.

उपग्रहांच्या कक्षा आधीच कळू लागल्या, तशी रांगेची गरज सरली. उरला एकटा माणूस, एक द्विनेत्री दुर्बीण आणि स्टॉपवॉच. उपग्रह दोन ओळखीच्या ताऱ्यांमधून जाताना बटण दाबायचं आणि तो कोणत्या ताऱ्याकडे किती झुकला होता, ते लिहून ठेवायचं. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास धावतो. बोट सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने चुकलं, तर पाऊण किलोमीटरचा फरक! ब्रिटनमध्ये डेस्मंड किंग-हेली यांनी अशा नोंदींचाही आधार घेऊन वरच्या हवेची घनता आणि पृथ्वीचा आकार अभ्यासला.

मूनवॉच १९७५मध्ये बंद झालं. ज्यांच्या कक्षा अमेरिका जाहीर करत नाही, त्या हेर-उपग्रहांचा माग हौशी लोक अजूनही काढतात, बऱ्याचदा तीच द्विनेत्री आणि तेच स्टॉपवॉच घेऊन.