पऱ्हे, बोडी आणि लाल रेघ

बाबांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर अजून शाईची बोटं उमटलेली आहेत. भंडाऱ्यातल्या एका छापखान्यात ते खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, मंडईच्या म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत दंडार या लोकनाट्याची हँडबिलं. आडनाव किंवा गावाचं नाव चुकलं की वाया गेलेल्या कागदाचे पैसे पगारातून जात. म्हणून त्यांनी वही सुरू केली: रहांगडाले, कापगते, लांजेवार, टेंभरे, मग पालांदूर, लाखांदूर, सानगडी, रेंगेपार. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. वहीतल्या ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ यांच्या डोक्यावरची टिंबं बाबांनी लाल पेन्सिलीने एकेक करून खोडलेली दिसतात.

मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत टायपिंगचं दुकान चालवते. संगणकातला स्वतःचा शब्दकोश, म्हणजे ज्या फायलीत आपण ‘हा शब्द बरोबर आहे’ असं नोंदवून ठेवतो ती, माझ्या लेखी या वहीचीच पुढची पानं आहेत. अमेरिकेत १९६१ च्या सुमारास लेस अर्नेस्ट यांनी हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रोग्रामला १०,००० शब्दांची यादी जोडली. १९७१ साली राल्फ गोरिन यांनी स्टॅनफर्डमध्ये फक्त स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम लिहिला. तिथेही मूळ गोष्ट यादीच. यादीत आहे तो शब्द बरोबर, नाही त्याच्यावर संशय; आज त्याच्याखाली लाल रेघ येते.

१९९७ साली मी दुकान उघडलं तेव्हा असली यादी आमच्या कामाची नव्हती. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच होती, वर फक्त मराठी फॉन्ट चढवलेला. तपासणी चालू राहिली तर पानभर लाल रेघा उमटत. त्यामुळे नव्या संगणकावर आधी तपासणी बंद करायची, मग कामाला बसायचं. युनिकोड आल्यावर ‘क’ हा खरोखरच ‘क’ म्हणून साठवला जाऊ लागला, मराठीचे शब्दसंग्रह मिळू लागले, आणि मी तपासणी पुन्हा चालू केली.

रेघा उमटल्या त्या नेमक्या आमच्या शब्दांखाली. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपं. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. बोडी म्हणजे शेतापुरतं लहान तळं. ‘मामा तलाव’खाली रेघ आली नाही, पण बाहेरच्या माणसाला तो नात्यातला वाटतो. खरं तर तो माजी मालगुजारी तलाव. १९५६ पर्यंत भंडारा मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांतात, त्यामुळे इथल्या कागदांत हिंदीची सरमिसळ जुनीच आहे. अर्ज, फेरफार, नुकसानभरपाईचे दावे असल्या स्थानिक शब्दांवरच उभे असतात. एकदा घाईत मी सुचवलेला शब्द स्वीकारला आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अर्जात ‘बांधी’ची ‘बांधणी’ झाली. ते तीस किलोमीटरवरून परत आले. चूक माझी होती. त्या दिवसापासून मी शब्द नोंदवायला लागले.

नोंदवणं सोपं, पण मराठीत एका शब्दाने भागत नाही. वर्डची ही फाईल साधी यादी असते, एका ओळीत एक शब्द. तिला ‘बोडी’ कळली तरी ‘बोडीत’ कळत नाही. बोडीचा, बोडीवर, बोडीला, बोड्या, बोड्यांमधून, सगळी रूपं वेगळी भरावी लागतात. लिबरऑफिसमध्ये शब्दाशेजारी नमुन्याचा शब्द देता येतो, मग प्रत्यय त्याच्यासारखे चालतात. ही सोय ज्याने केली त्याला मराठीची अडचण माहीत नसेलही, पण आमच्यावर उपकार झाले.

सगळ्यात जास्त छळलं ‘पऱ्हे’ने. शब्द भरला, तरी पुढच्या पानावर रेघ तशीच. तीन दिवसांनी उलगडलं. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक ‘ऱ’ हे अक्षर घेऊन, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. माझ्या फायलीत आता दोन्ही आहेत. इथल्या धरणाच्या नावाचीही अशीच दोन रूपं. राजीव गांधींनी १९८८ साली पायाभरणी केलेल्या त्या प्रकल्पाला काही कागद ‘गोसीखुर्द’ म्हणतात, काही ‘गोसेखुर्द’. दावा ज्या कागदावर टेकलेला असेल त्याचंच रूप धरावं लागतं. एक पुसायचा अधिकार मला नाही.

शब्द भरण्यात मोठा धोकाही आहे. चुकीचा शब्द एकदा आत गेला की त्याच्याखाली पुन्हा रेघ येत नाही. बाबा लाल पेन्सिलीने खोडायचे, तसं मीही दर दिवाळीला फाईल नोटपॅडमध्ये उघडते आणि वरपासून वाचत जाते. साठवताना चुकून युनिकोडखेरीज दुसरा पर्याय निवडला गेला तर मात्र सगळ्या शब्दांची प्रश्नचिन्हं होतात. म्हणून आधी नक्कल काढून ठेवते.

दंडारीची संहिता आली की मी दुसरी फाईल लावते, निव्वळ झाडीबोलीची, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीची. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा कोश केला, त्याने माझं काम पुष्कळ हलकं केलं. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. पाणी ‘पानी’ होतं, डोळा ‘डोरा’ होतो. पण नळाचा ‘नर’ झाला तर रेघ येतच नाही, कारण नर हा शब्द यादीत आधीपासून आहे. तिथे माणसानेच वाचायला हवं. अर्जाच्या वेळी ही फाईल मी काढून टाकते, नाहीतर ‘पानी’ सरकारी कागदात बिनबोभाट निघून जाईल. दोन्ही लिखाणं मला आपापल्या जागी शुद्ध हवी आहेत.

बाबांच्या वहीतलं माशांच्या नावांचं पान तेवढं अजून फायलीत भरायचं राहिलंय. नावं त्यांनी तळ्यावर ऐकून लिहिली होती, काहींच्या पुढे दोन-दोन रूपं आहेत. येत्या बाजाराच्या दिवशी वही घेऊन मासे विकणाऱ्या ढिवर बायकांजवळ बसायचं ठरवलंय.