पंगत आणि प्रेक्षागृह : नाटकापूर्वीच्या जेवणाचा नाशिकमधील इतिहास

१

भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायात रसाची संकल्पना स्पष्ट करताना जेवणाचा दृष्टान्त येतो. नाना व्यंजनांनी संस्कारित झालेले अन्न सेवन करणारा प्रसन्नचित्त पुरुष ज्याप्रमाणे रसांचा आस्वाद घेतो आणि हर्ष पावतो, त्याप्रमाणे अभिनयाने व्यक्त झालेल्या स्थायी भावांचा आस्वाद प्रसन्नचित्त प्रेक्षक घेतो, असा त्याचा आशय आहे. पुढे अभिनवगुप्ताने या आस्वादक्रियेला ‘चर्वणा’ हे नाव दिले. मराठी समीक्षेने हा सारा वारसा स्वीकारला. ‘रसास्वाद’, ‘आस्वादक समीक्षा’, ‘अभिरुची’ हे शब्द तिच्या रोजच्या वापरातले झाले. के. ना. वाटवे यांच्या ‘रसविमर्शा’पासून रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पर्यंत या दृष्टान्ताच्या तात्त्विक बाजूची चर्चा निरनिराळ्या अंगांनी झाली. मात्र ज्या प्रेक्षकाच्या आस्वादाविषयी एवढे लिहिले गेले तो प्रेक्षक नाट्यगृहात येण्यापूर्वी कोठे जेवला, कोणाबरोबर जेवला आणि त्याचे जेवण कोणी रांधले, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिला.

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. नाटकाच्या आधी उपाहारगृहात जेवणे ही आज शहरी मध्यमवर्गाची एक साधी सवय आहे. परंतु या सवयीसाठी दोन सार्वजनिक जागा एकाच संध्याकाळी, एकाच कुटुंबाला, एकाच प्रकारे खुल्या असाव्या लागतात. महाराष्ट्रात त्या दोन जागा एकाच वेळी खुल्या झाल्या नाहीत. नाट्यगृह आधी खुले झाले, तेही अर्धवट. ताट पुष्कळ नंतर. या दोहोंमधील अंतराचा इतिहास हाच मराठी प्रेक्षकाच्या घडणीचा एक महत्त्वाचा भाग आहे. नाशिकच्या संदर्भात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

२

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगीत नाटक रात्रीच्या जेवणानंतर सुरू होई आणि उत्तररात्रीपर्यंत, प्रसंगी पहाटेपर्यंत चाले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, ‘सौभद्र’ १८८२ साली. पदांची विपुलता आणि ‘वन्स मोअर’ची प्रथा पाहता त्या प्रयोगांना रात्रच हवी होती. प्रेक्षक घरी जेवून येत असे आणि पहाटे घरी परतत असे. या वेळापत्रकामागे उजेडाची आणि उन्हाळ्याची सोय होती हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की, घराबाहेर जेवणे ही त्या प्रेक्षकाच्या दृष्टीने केवळ गैरसोयीची गोष्ट नव्हती, ती धर्मबाह्य गोष्ट होती. कोणाच्या शेजारी बसून पाहावे यापेक्षा कोणाच्या हातचे खावे यावर निर्बंध कितीतरी कडक होते.

याचे प्रमाण नाट्यव्यवहाराच्या शेजारीच सापडते. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. तेथे टिळक होते, रानडे होते. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि शहरात मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताच्या निवाड्यावर येऊन थांबले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, मिशनच्या सभागृहात जाणे आणि तेथे बसून व्याख्यान ऐकणे हा अपराध मानला गेला नाही. अपराध चहाचा होता. कानांनी आणि डोळ्यांनी घेतलेले बाटवीत नव्हते, जिभेने घेतलेले बाटवीत होते. ज्या संस्कृतीच्या काव्यशास्त्राने पाहण्याला चाखण्याची उपमा दिली, त्याच संस्कृतीच्या आचारधर्माने पाहणे आणि चाखणे यांच्यामध्ये एवढी मोठी भिंत बांधली होती.

३

नाशिक हे तीर्थक्षेत्र. बाहेरून येणाऱ्याच्या जेवणाची व्यवस्था तेथे परंपरेने उपाध्यायाच्या घरी, धर्मशाळेत किंवा अन्नछत्रात होत असे. म्हणजे अनोळखी माणसाची जात, गोत्र, गाव विचारूनच त्याला पान वाढले जाई. पैसे देणाऱ्या कोणालाही खाऊ घालणारे हॉटेल ही या व्यवस्थेला छेद देणारी संस्था होती. ती आली तेव्हा तिनेही प्रारंभी जुनी व्यवस्थाच अंगीकारली. ब्राह्मणांच्या खानावळी वेगळ्या, इतरांच्या वेगळ्या, आणि अस्पृश्यांसाठी दाराबाहेरची कपबशी. या पार्श्वभूमीवर २१ डिसेंबर १९०९ ची नाशिकमधील घटना पुन्हा वाचावी लागते.

कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती. संस्कृतच्या व्यासंगामुळे ‘पंडित’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अधिकाऱ्याच्या निरोपानिमित्त विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘संगीत शारदा’ या नाटकाचा प्रयोग योजलेला होता. तेथेच अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. क्रांतिकार्याच्या इतिहासात या घटनेचे स्थान निश्चित झालेले आहे. नाट्येतिहासातही तिचा उल्लेख येतो, तो मात्र एक योगायोग म्हणून. निरोपासाठी नाटकच का, हा प्रश्न विचारला जात नाही.

इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वतःच्या समाजात निरोपाचा रूढ प्रकार भोजनाचा होता. नाशिकच्या प्रतिष्ठित नागरिकांना तो प्रकार उपलब्ध नव्हता, कारण साहेबाच्या पंक्तीला बसणे त्यांना शक्य नव्हते आणि साहेबाला आपल्या पंक्तीला बसविणेही शक्य नव्हते. सहभोजनाच्या या अशक्यतेतूनच त्या काळात पानसुपारी आणि अत्तरगुलाबाचे समारंभ रूढ झाले होते. नाटक हे त्याच मालिकेतले, किंबहुना अधिक भव्य असे साधन ठरते. नाट्यगृहात साहेब पहिल्या रांगेत बसू शकत होता, वकील आणि सावकार त्याच्या मागे बसू शकत होते, आणि कोणालाही कोणाचे अन्न खावे लागत नव्हते. कनातीआड बसलेल्या स्त्रियाही त्याच छपराखाली येऊ शकत होत्या. जे पंगतीत घडू शकत नव्हते ते प्रेक्षागृहात घडू शकत होते. या अर्थाने त्या रात्रीचे विजयानंद हे वासाहतिक समाजाला मान्य असलेले एकत्र येण्याचे टोक होते आणि म्हणूनच ते कट करणाऱ्यांना गाठता येण्याजोगेही होते. तिकीट काढून आत जाणारा तरुण कोण, हे नाट्यगृहात विचारले जात नाही. पंगतीत ते सर्वांत आधी विचारले जाते.

४

इंग्लंडमधील चित्र याहून वेगळे आहे. शेक्सपियरच्या काळी नाटके दुपारच्या उजेडात होत. पुढे कृत्रिम प्रकाशामुळे नाटक रात्रीकडे सरकले आणि नाटकाच्या आधीचे किंवा नंतरचे जेवण हा नागर जीवनाचा भाग बनला. लंडनमधील सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ साली उघडले आणि त्याच चालकाने, रिचर्ड डॉयली कार्टने, गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या संगीतिकांतून मिळालेल्या पैशावर १८८९ साली शेजारी सॅव्हॉय हॉटेल उभारले. नाटक आणि ताट यांचे भांडवल तेथे एकच होते. जपानमध्ये काबुकीच्या दोन अंकांमध्ये खावयाच्या डब्याला ‘माकुनोउची’, म्हणजे पडद्यांच्या मधले, असेच नाव पडले. महाराष्ट्रात नाटक कंपनीने उत्तम पंगती घातल्या. गंधर्व नाटक मंडळीच्या जेवणावळींच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. परंतु त्या पंगती कंपनीच्या बिऱ्हाडी होत्या, नटांच्या आणि आमंत्रितांच्या होत्या. तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

ब्रेख्तने १९३० च्या सुमारास ‘महागोनी’वरील टिपणांत प्रचलित संगीतिकेला ‘पाकशास्त्रीय’ म्हणून हिणवले. पोटभर जेवून आलेला, टोपीबरोबर विचारशक्तीही बाहेर ठेवून आलेला बुर्झ्वा प्रेक्षक हे त्याचे लक्ष्य होते. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ यांच्यामुळे सत्तरच्या दशकात ब्रेख्तविषयक चर्चा मराठीत चांगलीच रंगली. तथापि त्या चर्चेत ‘पाकशास्त्रीय’ या विशेषणाचा अर्थ बहुधा ‘रंजनवादी’ एवढाच घेतला गेला. ज्या समाजात एकत्र जेवणे हीच राजकीय कृती होती, तेथे या रूपकाचे मोल बदलते, हे लक्षात घेतले गेले नाही. जर्मनीतील प्रेक्षकाला ताटापासून दूर नेणे ही क्रांतिकारक सूचना असेल; येथे मात्र प्रेक्षकांना एका ताटाशी आणणे हेच अधिक कठीण काम होते.

५

ते किती कठीण होते हे नाशिकइतके अन्यत्र क्वचितच दिसले असेल. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्या पुढाकाराने तो पुढे काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. याच काळात नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. जलशाचा प्रयोग वस्तीतल्या मोकळ्या जागेत होई. त्याला नाट्यगृह नव्हते आणि त्याच्या प्रेक्षकाला उपाहारगृहही नव्हते. मराठी नाट्येतिहास ‘रंगभूमीचा पडता काळ’ म्हणून ज्या दशकाची नोंद करतो, त्याच दशकात हा प्रेक्षक रात्रीमागून रात्री जमत होता. त्याला प्रेक्षक म्हणून न मोजल्यामुळेच तो काळ इतका रिकामा दिसतो.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातील दुसरे कलम या दृष्टीने नाट्यसमीक्षकानेही वाचावे असे आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही ज्या जागी मज्जाव करता येणार नाही, त्या जागांची यादी करताना संविधान दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांना एकाच ओळीत बसविते. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने तो मज्जाव दंडनीय केला. एकोणिसाव्या शतकाने पाहणे आणि चाखणे यांच्यात जी भिंत मानली होती, ती कायद्याच्या भाषेत येथे पडली. नाटकाआधी हॉटेलात जेवण्याच्या सवयीची खरी पूर्वपीठिका ही आहे.

६

स्वातंत्र्योत्तर नाशिकमध्ये या सवयीला आर्थिक पाया मिळाला. नाशिकरोडच्या मुद्रणालयांमागोमाग सातपूरची औद्योगिक वसाहत आणि १९६४ नंतर ओझरचा विमान कारखाना यांनी पगारदार कुटुंबांचा मोठा वर्ग निर्माण केला. त्याच शहरात राहून कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर व्यावसायिक रंगभूमीसाठी नाटके लिहीत होते. सार्वजनिक वाचनालयाचे परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि शालिमार परिसरातील महाकवी कालिदास कलामंदिर येथे मुंबईची नाटके आणि राज्य नाट्यस्पर्धेचे प्रयोग होऊ लागले. तीन अंक, पुढे दोन अंक, आणि सुमारे तीन तासांचा अवधी यांमुळे संध्याकाळ मोकळी झाली.

या बदलात स्त्रीचे स्थान मध्यवर्ती आहे. घरी जेवून रात्री साडेनऊला नाटकास जाणाऱ्या कुटुंबातील गृहिणीला सर्वांचे जेवण उरकून, ओटा आवरून निघावे लागे. पहिला अंक ती थकलेल्या डोळ्यांनी पाहत असे. ‘सुमनस प्रेक्षक’ या भरताच्या अटीत तिचा विचार नव्हता. हॉटेलांनी ‘फॅमिली रूम’चा पडदा लावला, पुढे तो काढूनही टाकला, तेव्हा तिला प्रथमच इतरांच्या बरोबरीने ताजेतवाने होऊन खुर्चीवर बसता आले. कौटुंबिक नाटकाच्या लोकप्रियतेची मीमांसा करताना समीक्षेने विषयवस्तूवर भर दिला. ते नाटक पाहणारी स्त्री त्या संध्याकाळी स्वयंपाकातून सुटलेली होती की नाही, हेही त्या मीमांसेत यायला हवे.

अर्थात या सवयीने सगळीच दरी बुजविली असे नाही. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. पदपथावर येऊन पडलेल्या म्हाताऱ्या नटाची ती शोकान्तिका शेजारच्या हॉटेलात जेवून आलेला प्रेक्षक आजही डोळे पुसत पाहतो. त्याच वेळी हॉटेलच्या मागच्या बाजूला भांडी घासणारा पोऱ्या त्या प्रयोगाचा प्रेक्षक नसतो. संविधानाने जातीचा मज्जाव उठविला, तिकिटाचा आणि वेळेचा मज्जाव त्याच्या कक्षेबाहेर राहिला. ब्रेख्तची टीका मराठी प्रेक्षकाला लागू पडते ती येथे, आणि ती लागू पडण्यासाठी आधी पंगत मोडावी लागली होती.

रसचर्चेतील ‘सहृदय’ ही संकल्पना प्रेक्षकाला देहरहित मानून चालते. नाशिकच्या इतिहासातून दिसणारा प्रेक्षक तसा नाही. तो कोणाच्या तरी हातचे जेवून आलेला, किंवा जेवू न दिला गेलेला, किंवा इतरांना वाढून थकलेला आहे. मराठी नाटकाच्या इतिहासात संहिता, नट आणि कंपन्या यांच्या नोंदी पुष्कळ झाल्या. प्रेक्षकाचा इतिहास लिहावयाचा असेल, तर त्याचा आरंभ तिसऱ्या घंटेपासून करून चालणार नाही. तो त्याआधीच्या ताटापासून करावा लागेल.