बोलीवरून मूळ देशाचा शोध

युद्धातून जीव वाचवून आलेल्या माणसाजवळ पारपत्र असतेच असे नाही. अशा आश्रयार्थीचा ‘मी अमुक देशाचा’ हा दावा पडताळण्यासाठी १९९० च्या दशकात स्वीडनने त्याच्या बोलण्याचाच पुरावा म्हणून उपयोग सुरू केला. पुढे स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांनी ही पद्धत स्वीकारली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘लाडो’ या नावाने ओळखली जाते.

अर्जदाराशी झालेले संभाषण, अनेकदा दूरध्वनीवरचे, ध्वनिमुद्रित केले जाते. उच्चार, हेल, प्रत्यय, शब्दकळा यांची छाननी करून विश्लेषक अभिप्राय देतो. अभिप्राय प्रतिकूल गेला, तर अर्ज फेटाळला जाऊन माणसाची परत पाठवणी होऊ शकते.

अडचण अशी की, बोलींच्या सीमा देशांच्या सीमांवर थांबत नाहीत. बेळगावकराच्या मराठीत कानडी शब्द येतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सोमालियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील बाजुनी समाजाची बोली सोमाली नसून स्वाहिलीच्या कुळातली आहे, आणि हा समाज शेजारच्या केनियातही राहतो. अफगाणिस्तानातील हजारा लोकांची कथा अधिक बोलकी आहे. त्यांतील अनेकांची निर्वासितपणाची वर्षे पाकिस्तानात किंवा इराणात गेली. त्यांच्या बोलण्यात उर्दू वा इराणी शब्द आढळले, की ते अफगाण नव्हेतच, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियातील काही प्रकरणांत काढला गेला. वाटेत उचललेला शब्द हा जन्मस्थानाचा पुरावा कसा ठरतो? तेथील भाषाशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अशा निवाड्यांचा अभ्यास करून नेमका हाच आक्षेप घेतला.

जून २००४ मध्ये विविध देशांतील १९ भाषाशास्त्रज्ञांनी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. माणूस कोणत्या भाषिक समाजात वाढला, याविषयी भाषा काही सांगू शकते. त्याचे राष्ट्रीयत्व मात्र तिच्यावरून ठरवू नये, हा त्यांचा गाभा. केवळ ती भाषा मातृभाषा आहे म्हणून कोणी तज्ज्ञ ठरत नाही, असेही त्यांत बजावले आहे. या दुसऱ्या मुद्द्यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. बोलीतील बारकावे टिपायला तीच भाषा जन्मतः बोलणारा कान लागतो, असे मानणारा पक्षही मोठा आहे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये, सोमालियाचे असल्याचे सांगणाऱ्या दोघांच्या प्रकरणात, या पुराव्याची मर्यादा आखून दिली. आवश्यक खबरदारी घेतल्यास विश्लेषकाचे नाव गुप्त ठेवता येईल. पण एका स्वीडिश कंपनीच्या अहवालांना विशेष वजन देण्याची पद्धत न्यायालयाने मान्य केली नाही. त्या अहवालांत अर्जदारांना आपल्या प्रदेशाची माहिती कितपत आहे, यावरही शेरे होते. भाषेच्या तज्ज्ञाने असे शेरे मारणे हा अधिकारक्षेत्राचा अतिक्रम ठरला.

जर्मनीने २०१७ पासून हे काम संगणकाकडेही सोपवले. अर्जदाराने एखाद्या चित्राचे वर्णन करायचे आणि त्याचे बोलणे कोणत्या अरबी बोलीशी किती टक्के जुळते, हे यंत्राने सांगायचे. वडील एका बोलीचे, आई दुसरीची आणि बालपण तिसऱ्याच देशातील छावणीत गेलेले असले, तर त्या टक्केवारीचा अर्थ लावण्याचे काम निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडेच राहते.