स्मर्नाचे अंजीर आणि एक खोटा आरोप

१/ १८८०च्या दशकाच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बुलेटिन’ या वृत्तपत्राने आपल्या वर्गणीदारांना एक अनोखी वस्तू वाटली : अंजिराची छाटकलमे. वृत्तपत्राशी संबंधित गुलियन रिक्सफर्ड यांनी ती थेट स्मर्ना बंदरातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमिरहून, मागवली होती. संख्या सुमारे १४,०००. कॅलिफोर्नियाभर लोकांनी ती आपापल्या परसात आणि मळ्यांत लावली.

२/ कल्पना वेडगळ नव्हती. ओला हिवाळा आणि कोरडा उन्हाळा हे भूमध्य सागराच्या काठचे हवामान कॅलिफोर्नियातही आहे. बाजारात सुक्या अंजिराचा राजा होता स्मर्नाचा अंजीर. तेच झाड, तसेच ऊन, मग फळ का येऊ नये?

३/ झाडे उत्तम वाढली. फळेही धरली. पण सुपारीएवढी झाली की सुकून गळून पडू लागली. एका वर्षी नव्हे, दरवर्षी. जखमेवर मीठ असे, की त्याच अंगणात ‘मिशन’ जातीचे काळे अंजीर फळांनी लगडलेले असे. ती जात स्पॅनिश धर्मप्रसारकांनी १८व्या शतकात आणलेली. तेव्हा दोष मातीचा नाही, पाण्याचा नाही, माळ्याचाही नाही. मग दोषी कोण? अनेकांनी निष्कर्ष काढला, की स्पर्धा नको म्हणून स्मर्नाच्या व्यापाऱ्यांनी मुद्दाम निकामी कलमे पाठवली.

४/ हा आरोप खोटा होता. तो खोटा का, हे समजायला आपल्याकडच्या उंबराखाली क्षणभर थांबू. ‘उंबराचे फूल’ म्हणजे दुर्मीळ दर्शन, असे आपण म्हणतो. वास्तविक उंबराला फुले भरपूर येतात, फक्त ती फळाच्या आत असतात. पिकलेले उंबर फोडले की भुर्रकन उडणारी चिलटे ज्याने पाहिली आहेत, त्याने या कथेतील मुख्य पात्राचे भाऊबंद पाहिले आहेत. अंजीर हा उंबराचाच चुलतभाऊ. (जैन आचारात उंबरवर्गातील पाच फळे वर्ज्य मानली आहेत, ती याच जीवांमुळे.)

५/ अंजिरात दोन प्रकारची झाडे असतात. एकाला खाण्याजोगी फळे येतात, त्यांत फक्त स्त्री-फुले. दुसरा ‘रानअंजीर’, ज्याचे फळ सहसा कोणी खात नाही. पण पराग त्याच्याकडेच असतो आणि त्याच्या फळात जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची, गांधीलमाशीच्या कुळातली एक माशी वाढते. उन्हाळ्याच्या तोंडाशी माद्या परागाने माखून बाहेर पडतात आणि अंडी घालायला नवे फळ शोधतात. अंजिराच्या टोकाचे छिद्र इतके अरुंद, की आत शिरताना मादीचे पंखच तुटतात. खाण्याच्या अंजिरात तिला अंडी घालता येत नाहीत, कारण तिथल्या फुलांची नळी तिच्या मानाने फार लांब. ती आतच मरते. मात्र पराग पोहोचलेला असतो. फळ टिकते, बी धरते, आणि स्मर्नाच्या अंजिराची ती प्रसिद्ध खमंग चव त्या बियांचीच.

६/ स्मर्नामागच्या मेंदेरेस नदीच्या खोऱ्यातला शेतकरी हे सारे हाताने घडवून आणत असे. जून महिन्यात रानअंजिराची फळे, तुर्की भाषेत ‘इलेक’, दोरीत ओवून तो खाण्याच्या झाडांवर टांगत असे. ही रीत गुप्त नव्हती. प्रवासी ती पाहत, लिहीत, आणि बरेचदा हसत. झाडाला माळा घालण्याचे हे खूळ अडाणी श्रद्धेचे आहे, असे युरोपातल्या अनेक विद्वानांचे मत होते.

७/ त्यांत खरे अभ्यासकही होते. १९व्या शतकाच्या मध्यात नेपल्सच्या गास्पारिनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही रीत निरुपयोगी ठरवली. मला त्याला झोडपावेसे वाटत नाही. अंजिराच्या कित्येक जाती परागाविनाच पिकतात, आणि इटलीत त्यांचीच रेलचेल होती. कॅलिफोर्नियातील ‘मिशन’ही त्यांतलीच. आपल्या डोळ्यांपुढच्या झाडांबद्दल गास्पारिनी बरोबर होता. चूक झाली ती तेवढ्यावरून सगळ्या अंजिरांना नियम लावण्यात.

८/ आता या धाग्यातला माझा सर्वांत आवडता पुरावा. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इ. स. पू. ४थ्या-३ऱ्या शतकांच्या संधिकाळात वनस्पतींवर ग्रंथ लिहिले. रानअंजीर टांगण्याची रीत त्यात आहे, त्यातून निघणारे कीटकही आहेत. आणि तो पुढे नोंदवतो, की इटलीत म्हणे अंजीर गळत नाहीत, म्हणून तिथे ही रीत पाळत नाहीत. म्हणजे स्मर्नाचा शेतकरी आणि नेपल्सचा पंडित, दोघेही आपापल्या झाडांपुरते खरे कसे, याचा धागा दोन हजारांहून अधिक वर्षे ग्रंथात पडून होता. विद्वानांच्या कपाटांत तो ग्रंथ होताच!

९/ कॅलिफोर्नियात गुस्ताव आयसन या स्वीडिश वंशाच्या निसर्गशास्त्रज्ञाने माशीची गरज आवर्जून मांडली. फ्रेस्नोच्या सभेत त्याची हुर्यो उडवली गेली, असे सांगतात. तिथलाच बागायतदार जॉर्ज रोडिंग याने मात्र १८९०मध्ये साधा प्रयोग केला : दात कोरण्याच्या काडीने रानअंजिराचा पराग काही स्मर्ना फळांत घातला. ती फळे पिकली. बाकीची गळाली. व्यापाऱ्यांवरचा आरोप खरे तर त्याच दिवशी निकालात निघाला.

१०/ उरला प्रश्न माशीचा. काडीने बाग पिकत नाही. माशी आणण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. १८९९मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या वॉल्टर स्विंगल याने अल्जीरियातून माशीसह रानअंजिरे धाडली, आणि त्या वर्षी ती फ्रेस्नोत रुजली. मग फळ टिकले, बाजारात आले, आणि त्याचे बारसे झाले ‘कॅलिमर्ना’ : कॅलिफोर्निया आणि स्मर्ना.

११/ या कथेत नावे पाहा. रिक्सफर्ड, आयसन, रोडिंग, स्विंगल. सगळी आयात करणाऱ्यांची. ज्यांनी पिढ्यानपिढ्या जूनमध्ये माळा ओवल्या, त्यांतले एकही नाव नाही. उलट, बराच काळ त्यांच्या मुलखावर फसवणुकीचा ठपका राहिला. त्यांच्याकडून झाड मागवले गेले. ते कसे वाढवता, हे विचारणे मात्र मागवणाऱ्यांना सुचले नाही. वनस्पतींच्या स्थलांतराचा इतिहास वाचताना मला ही न विचारलेली गोष्ट वारंवार भेटते.

१२/ एक प्रश्न हमखास येईल : मग आपल्या पुरंदरच्या अंजिरात माशी असते का? नाही. २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला पुरंदरचा अंजीर परागाविना पिकणाऱ्या गटातला. सासवडकडचा शेतकरी खट्टा आणि मीठा असे दोन बहार घेतो, पण रानअंजीर टांगत नाही. गच्चीवरच्या कुंडीत अंजीर लावायचा असेल, तर रोपवाटिकेत आधी जात विचारा. स्मर्ना गटातले झाड इथे एकटे लावले, तर १८८०च्या दशकातला तो अनुभव घरबसल्या मिळेल.

१३/ कॅलिमर्ना पिकवणारे बागायतदार आजही जूनमध्ये रानअंजिराची फळे छोट्या कागदी पिशव्यांत घालून झाडांना अडकवतात. मेंदेरेसच्या खोऱ्यातही ‘इलेक’ अजून टांगले जाते.